'इन-' म्हणजे नुसता नकार? एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला येणाऱ्या 'इन-' या उपसर्गाचे उगम दोन, आणि त्यातला नकाराचा 'इन-' आपल्या 'अ-'च्या नात्यातला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. 'इन-' म्हणजे नकार एवढं मुलांना पुरे, दोन उगमांचा घोळ कशाला; 'इन' असूनही 'पेट घेणारं' असा अर्थ असलेला 'इन्फ्लेमेबल' हा इंग्रजीचा वेडेपणा, सोडून द्यावा; आणि 'अ-'शी नातं लावणं म्हणजे ओढूनताणून संस्कृतात नेणं.

शेवटचं आधी. इंग्रजी संस्कृतातून आली, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. लॅटिनचा नकारार्थी 'इन', ग्रीकचा 'अ', इंग्रजी ज्यातली आहे त्या जर्मानिक भाषांचा 'अन' आणि आपला 'अ' ही चुलत भावंडं आहेत, एवढंच. आपल्याकडे व्यंजनापुढे 'अ', स्वरापुढे 'अन्': अधर्म, पण अनादर. ग्रीकचीही तीच रीत: एथिइस्ट, पण अॅनार्की.

दुसरा 'इन' मात्र या घरातला नाहीच. तो लॅटिनमधला 'आत' किंवा 'वर' दाखवणारा शब्द. इन्जेक्ट, इम्पोर्ट, इन्फ्लेम हे त्याचे. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, म्हणून इन्फ्लेमेबल म्हणजे पटकन पेट घेणारं. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असतं. तिथे तुमचा नियम लावून कुणी विडी शिलगावली तर? अमेरिकेत 1920च्या दशकात अग्निसुरक्षेच्या लोकांनी 'फ्लेमेबल' लिहायचा आग्रह धरला, तो याच भीतीने. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.

मुलांना पारख शिकवता येते. उपसर्ग झाकायचा. उरलेलं साधं विशेषण असेल (करेक्ट, पॉसिबल, लीगल) तर बहुधा नकार. शेवटी '-एबल' असेल तर आधी ते काढायचं आणि उपसर्गासकट क्रियापद उभं राहतं का ते बघायचं. 'इन्हॅबिट' उभं राहतं, म्हणून इन्हॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं. जिथे राहता येत नाही ती जागा 'अनइन्हॅबिटेबल'. 'इन्व्हॅल्यू' असं क्रियापद नाही, म्हणून इन्व्हॅल्युएबल म्हणजे ज्याचं मोल करता येत नाही ते.

स्पेलिंगवर मात्र विसंबू नका. 'संबंध' म्हणताना अनुस्वाराचा म होतो, तसा 'इन'चा इम, इल, इर होतो, आणि दोन्ही 'इन' सारखेच बदलतात. इल्लीगलमध्ये नकार, इल्युमिनेटमध्ये प्रकाश पाडणं. इरेग्युलरमध्ये नकार, इरिगेटमध्ये शेताला पाणी देणं.

या पारखीला चकवतो तो 'इन्फेमस'. नकार आहे, पण तो प्रसिद्धीचा नव्हे. लॅटिन 'फामा'मध्ये लौकिकही येतो. तो घालवून बसलेला तो इन्फेमस, म्हणजे कुप्रसिद्ध. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला सरळ 'अननोन' म्हणावं.