चीटर, स्विंडलर आणि देवगडचा हापूस

मराठी माणसाला फार राग आला की तो इंग्रजीत शिरतो. मराठीत बोललं तर ते भांडण, इंग्रजीत बोललं तर ती तक्रार, अशी आपली एक समजूत आहे. म्हणून परवा मी त्या आंबेवाल्याला भर रस्त्यात ‘यू आर अ चीटर’ म्हणालो.

कारण थोडक्यात सांगतो, आठवलं की अजून डोकं तापतं. ‘देवगड हापूस, थेट बागेतून’ असा फलक. पेटीचा वरचा थर केशरी, घमघमणारा. खाली पेंढ्यात मात्र जाड सालीचे कर्नाटकी आंबे. कर्नाटकी आंब्याशी माझं वैर नाही, त्याच्या भावात दिला तर आनंदाने खाईन. पण कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय फलक रंगवायला?

तर मी ‘चीटर’ म्हणालो आणि आंबेवाल्याच्या आधी मागून आवाज आला, “एक मिनिट. चीटर नका म्हणू.”

आमच्या सोसायटीतले सर. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. हातात कोथिंबिरीची जुडी. मला वाटलं, आले मदतीला.

“चीट हा शब्द एस्चीटवरून आला,” सर म्हणाले. “इंग्लंडात सरंजामशाही होती तेव्हा बिनवारस माणसाची जमीन वरच्या सरदाराकडे परत जायची. तो एस्चीट. आणि ती ताब्यात घेणारे अंमलदार असे लबाड, की जिवंत वारसालाही बिनवारस ठरवायचे. म्हणून चीट. इथे जमीन कुठे आहे?”

“सर, आंबे आहेत.”

“तेच म्हणतोय मी. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचा दत्तक वारस नामंजूर करून राज्य खालसा केलं, ते खरं चीटिंग.”

इथे आंबेवाल्याचे डोळे चमकले. “सर, आपण साताऱ्याचेच!”

“अहो, मघाशी तुम्ही देवगडला बाग आहे म्हणालात!” मी ओरडलो. एवढा सज्जड पुरावा आयता हाती येऊनही कोणी ढुंकून पाहिलं नाही. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, “म्हणजे खरं तर तुमची फसवणूक झालेली आहे.” आजूबाजूच्या दोघातिघांनी हळहळून माना हलवल्या.

मी म्हणालो, बरं, चीटर नको तर स्विंडलर घ्या. तर तो जर्मनांचा निघाला. श्विंडेल्न म्हणजे घेरी येणं, गरगरणं. त्यावरून हवेत इमले बांधून लोकांना बुडवणारा तो श्विंडलर, आणि अठराव्या शतकात तो लंडनला पोचला. मे महिन्यातली दुपार होती. गरगरायला मलाच लागलं होतं.

“पेटी घेताना हा काय म्हणाला माहितीये?” मी सरांना म्हणालो. “खालचा थर बघतो म्हटलं, तर म्हणाला, साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?”

सरांनी कोथिंबीर काखेत मारली आणि दोन्ही हात मोकळे केले. “हा कॉन मॅन! कॉन्फिडन्स मॅन! न्यूयॉर्क, १८४९. विल्यम थॉम्प्सन नावाचा गृहस्थ. झकपक कपडे करून रस्त्यात अनोळखी माणसाला गाठायचा, जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायचा आणि मग विचारायचा, तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर? आणि लोक द्यायचे हो काढून! पकडला गेला तेव्हा पेपरवाल्यांनी त्याला हे नाव दिलं.”

“कॉन्फिडन्स तर लागतोच सर धंद्यात,” आंबेवाला लाजून म्हणाला. सरांनी त्याला पावतीच दिली होती जणू.

मग मी मराठीवर आलो. “ठग आहात तुम्ही, ठग!”

“वा! हा आपला शब्द,” सर खूश. “१८३०च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांचा बंदोबस्त केला, त्या गाजावाजात शब्द इंग्रजीत रुळला. आता अमेरिकेतही गुंडाला ठग म्हणतात.”

“चांगला माल एक्स्पोर्टलाच जातो सर,” आंबेवाला म्हणाला.

यावर लोक हसले. मला एक कळत नाही. हजारो कोटी बुडाले की ‘स्कॅम’, त्याची पहिल्या पानावर बातमी, पुढे वेबसिरीज. आमच्यासारख्याची पेटी बुडाली की गंमत. टोपी घातली, चुना लावला, शेंडी लावली, तोंडाला पानं पुसली. मराठीत फसवणुकीला शब्द उदंड, पण सगळे फसलेल्याला हसायला काढलेले. फसलेल्याच्या बाजूचा एक तरी आहे का? माझे पैसे गेले होते, आणि मी सोडून सगळे मजेत होते.

शेवटचं अस्त्र काढलं. “चारसोबीस! पोलिसात देतो.”

“ते कलम बदललं, साहेब,” आंबेवाला शांतपणे म्हणाला. “आता तीनशे अठरा.”

खरंच बदललंय. १८६०च्या दंड संहितेतलं चारशे वीस १ जुलै २०२४ ला गेलं, न्याय संहितेत आता ३१८. सर कौतुकाने त्याच्याकडे पाहत राहिले. एवढा हुशार विद्यार्थी त्यांना बहुधा कॉलेजातही मिळाला नव्हता.

पैसे परत मिळाले नाहीत. “बदलून देतो” म्हणत त्याने तसलेच दोन आंबे पिशवीत टाकले. मी तणतणत घरी आलो.

संध्याकाळी जिन्यात सर भेटले, हातात पेटी. तसलीच, पट्टी न फोडलेली.

“सर, उघडून पाहिलीत?”

“कशाला? माणूस प्रामाणिक आहे,” सर म्हणाले. “साताऱ्याचा असल्याचं स्वतःहून सांगितलं त्याने.”