खुलासा : 'टेन-फोर' हा लष्करी कोड नाही

'टेन-फोर, रॉजर, ओव्हर अँड आउट हे अमेरिकी सैन्याचे गुप्त कोड', असा एक फॉरवर्ड फिरतोय. एका वाक्यात तीन गफलती!

'टेन-फोर' (१०-४, म्हणजे 'ठीक, संदेश मिळाला') पोलिसांचं. १९३० च्या दशकात अमेरिकी पोलिसांच्या वायरलेसवरून हे आकडे सुरू झाले. तेव्हाचा ट्रान्समीटर बटण दाबल्यावर लगेच पूर्ण जोर धरत नसे, त्यामुळे पहिला शब्द हवेतच विरायचा. म्हणून आधी 'टेन', मग कामाचा आकडा. १९७० च्या दशकात ट्रकवाल्यांनी ते सीबी रेडिओवर (सामान्य लोकांसाठीचा कमी पल्ल्याचा वायरलेस) उचललं आणि जगभर झालं.

सैन्यात आकड्यांऐवजी ठरीव शब्द चालतात. 'रॉजर' म्हणजे संदेश मिळाला. 'विल्को' म्हणजे मिळाला आणि तसं करतो. 'ओव्हर' म्हणजे आता तुम्ही बोला, 'आउट' म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकदम कुणी शिस्तीचा ऑपरेटर म्हणणार नाही. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. 'रिपीट' म्हणायचं नाही, कारण तोफखान्यात त्याचा अर्थ तोच मारा पुन्हा करा!

आणि यात गुप्त काहीच नाही. 'रॉजर', 'विल्को' नागरी वैमानिकही रोज वापरतात. गुप्तता सांभाळायला एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश इतरांना न कळेल अशा रूपात बदलणं, असतं.