८५ मिमी एफ/१.४ लेन्सवरच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला आणि सोबतचे फोटो मूळ आकारात उघडून पाहिले. तुमच्या तक्रारी अशा: एफ/१.४ वर, म्हणजे लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवून, पोर्ट्रेट काढलं की पापण्या धूसर आणि कानशिलावरचे केस शार्प, तोंड बारीक करून एफ/२.८ केलं तरी सगळ्यात शार्प जागा डोळ्याच्या मागेच. पांढऱ्या कॉलरच्या कडेला जांभळी रेघ. भिंतीच्या फोटोत कोपरे मऊ, त्यातही खालचा डावा जास्त. आणि एवढं सांगूनही आमच्याकडून उत्तर मिळालं ते ‘लेन्स ठीक आहे’ इतकंच. त्या एका वाक्याने कुणाचंही समाधान होणार नाही, म्हणून कारणांसकट लिहितो. डाव्या कोपऱ्याची तक्रार खरोखर लेन्सच्या दोषाची असू शकते, तिच्याकडे शेवटी येतो. बाकीच्या तक्रारींचं उत्तर तुमच्याच फोटोंत आहे.

पहिला फोटो शंभर टक्के मोठा करून कानशिलापाशी जा. तिथला एकेक केस सुटा दिसतो, कातडीवरची छिद्रंही मोजता येतील इतकी स्वच्छ आहेत. हा फोटो एफ/१.४ वरचा आहे. काच खराब असती तर फोटोत कुठेच असं काही दिसलं नसतं. हात हलला असता तरी नसतं, कारण हलल्याची धूसरता सगळीकडे एकाच दिशेने ओढल्यासारखी येते. म्हणजे लेन्स शार्प आहे, फक्त शार्पनेसची पातळी, म्हणजे ज्या सपाट प्रतलावर सगळं शार्प येतं ते, डोळ्यावर न पडता तीन-चार सेंटिमीटर मागे पडली आहे. ती मागे का गेली, एवढाच प्रश्न उरतो.

आधी जागा किती आहे ते बघू. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एफ/१.४ आणि माणूस दीड मीटरवर असेल तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी पुढेमागची जागा, जेमतेम अडीच सेंटिमीटर मिळतं: सव्वा सेंटिमीटर पुढे, सव्वा मागे. हा हिशेबही छापील फोटो हातभर अंतरावरून पाहण्याच्या जुन्या निकषावर, म्हणजे सेन्सरवरच्या ०.०३ मिमीच्या धूसर ठिपक्यावर बेतलेला आहे. ४५ मेगापिक्सेलची फाइल साध्या मॉनिटरवर शंभर टक्क्यांना पाहणं म्हणजे सुमारे दोन मीटर रुंद प्रिंट नाक लावून पाहणं. त्या नजरेला जे शार्प वाटेल ते सेंटिमीटरभरही नसतं.

तुम्ही लिहिलंय की मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करता आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवता. एफ/४ च्या लेन्सवर ही सवय चालून जाते, इथे नाही चालत. फोकसची पातळी सेन्सरला समांतर असते, तुमच्याभोवती गोल फिरत नाही. दीड मीटरवर लॉक करून कॅमेरा १० अंश वळवला की ती पातळी डोळ्याच्या मागे साधारण २३ मिमी सरकते. सव्वा सेंटिमीटरची सूट असताना २३ मिमी! आणि उभ्या फ्रेममध्ये डोळा वरच्या तिसऱ्या भागात न्यायचा तर काही अंश वळवावंच लागतं. ही चूक नेहमी मागेच जाते, पुढे कधीच नाही. तुमच्या फोटोंतही प्रत्येक वेळी मागेच गेली आहे. उभा माणूस श्वासागणिक सेंटिमीटरभर पुढेमागे डुलतो, लॉक आणि क्लिक यांच्यामध्ये वेळ गेला की तेही त्यात मिळतं. म्हणून डोळ्याच्या सगळ्यात जवळचा फोकस पॉइंट निवडा, फ्रेम आधी जुळवा, मग फोकस करा आणि लगेच तीन-चार फोटो सलग काढा. कॅमेऱ्याला आपल्या जवळचा डोळा द्या, लांबचा नको.

दुसरं कारण कॅमेरा आणि लेन्सच्या जुळणीचं. तुमचा कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आहे. व्ह्यूफाइंडरमधून काढताना फोकस सेन्सर ठरवत नाही, आरशाखाली बसवलेलं वेगळं फोकस मॉड्यूल ठरवतं. त्या मॉड्यूलपर्यंतचं अंतर आणि सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. शिवाय त्यातले बहुतेक पॉइंट एफ/५.६ इतक्याच रुंदीचा प्रकाश वापरतात, मधला फार तर एफ/२.८ चा. लेन्सच्या कडेकडून येणारे, एफ/१.४ ला खरं एफ/१.४ बनवणारे किरण त्याला दिसतच नाहीत; तो फरक लेन्समध्ये नोंदवलेल्या दुरुस्तीवरून भरून काढला जातो. दोन चांगल्या वस्तू एकत्र येऊन फोकस चुकू शकतो तो असा. तो सुधारण्यासाठीच मेनूमध्ये सोय दिलेली असते: कॅननमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, निकॉनमध्ये एएफ फाइन ट्यून, दोन्हीकडे उणे २० ते अधिक २०.

त्याला हात लावण्याआधी एक चाचणी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. बारीक छपाईचा सपाट कागद सेन्सरला समांतर, ताठ उभा करा. अंतर फोकल लेन्थच्या २५ ते ५० पट, म्हणजे ८५ मिमीसाठी सव्वादोन ते चार मीटरच्या दरम्यान. कागदाच्या बाजूला एक पट्टी तिरकी ठेवा, तिचा मध्य कागदाच्या रेषेत. फोकस कागदावर करा, पट्टीवर कधीही नाही. फोकस पॉइंटची खरी व्याप्ती चौकटीत दिसते त्याहून मोठी असते आणि तिरक्या पट्टीवर तो कुठल्या रेघेला धरेल याचा नेम नसतो. आमच्या मते चुकीच्या मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटचं मूळ बहुधा हीच पट्टी. एफ/१.४ वर आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) १० पट मोठं करून हाताने फोकस करा, टायमर लावून फोटो काढा. हा तुमचा मापदंड. मग व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने दहा फोटो काढा, प्रत्येकाआधी रिंग फिरवून फोकस मोडा: एकदा अनंताकडे, एकदा जवळ.

लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि दहाच्या दहा फोटो एकाच बाजूला सारखेच चुकलेले असतील तर तो जुळणीचा प्रश्न. फोकस कागदाच्या पुढे पडत असेल तर अधिककडे जा, मागे पडत असेल तर उणेकडे. आधी ५ ने, मग एकेकाने. दहापैकी काही पुढे आणि काही मागे असतील तर आकडे बदलून उपयोग नाही. मग प्रकाश कमी आहे का, पॉइंट कडेचा आहे का, हे बघा. आणि ज्या प्रकाशात तुम्ही खरं काम करता त्यातच ही चाचणी करा. पिवळ्या बल्बखाली आणि दिवसाच्या उजेडात फोकस मॉड्यूलचा निर्णय थोडा वेगळा पडतो.

हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. साध्या फोकसिंग स्क्रीनवर साधारण एफ/२.८ इतकंच डेप्थ ऑफ फील्ड दिसतं. खात्री करायची तर अ‍ॅपर्चर एफ/२ ला ठेवून प्रीव्ह्यूचं बटण दाबा, चित्र जवळजवळ तसंच राहतं. तिथे शार्प दिसलेला डोळा फोटोत मऊ निघाला तर दोष डोळ्यांचा नाही आणि लेन्सचाही नाही.

आता एफ/२.८ ची गोष्ट. याला फोकस शिफ्ट म्हणतात आणि मोठ्या अ‍ॅपर्चरच्या अनेक लेन्समध्ये तो कमी-जास्त असतोच. लेन्सच्या कडेचे किरण आणि मधले किरण एकाच ठिकाणी एकवटत नाहीत. हे गोलीय अपेरण (स्फेरिकल अ‍ॅबरेशन) पूर्ण काढून टाकलं तर पार्श्वभूमीचा मऊपणा कडक होतो, म्हणून डिझाइन करणारे थोडं शिल्लक ठेवतात. डीएसएलआर फोकस करतो पूर्ण उघड्या एफ/१.४ वर. क्लिकच्या क्षणी अ‍ॅपर्चरची पाती एफ/२.८ पर्यंत मिटतात, कडेचे किरण अडतात आणि शार्पनेसची पातळी थोडी मागे सरकते. एफ/५.६ ला डेप्थ ऑफ फील्ड वाढून हे झाकलं जातं. त्रास जाणवतो तो एफ/२ ते एफ/४ मध्ये, तेही जवळच्या अंतरावर. झाइसच्या ५० मिमी एफ/१.५ सी सोनार लेन्सबद्दल तर कंपनीनेच हा गुणधर्म उघडपणे सांगितला होता. यावर मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट लागू पडत नाही, कारण एफ/१.४ ला बसवलेला आकडा एफ/२.८ ला चुकतो. एफ/२.८ वर जवळून काढायचं असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये पाती मिटलेली ठेवून फोकस करा, किंवा पापणीच्या किंचित पुढे, नाकाच्या उंचवट्यावर फोकस धरा. पुढे मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घ्याल तर हा त्रास कमी होईल. निकॉनच्या झेड मालिकेतले कॅमेरे एफ/५.६ पर्यंत निवडलेल्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करतात.

कॉलरची जांभळी रेघ हे रंगांचं अपेरण आहे, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी एकवटत नाहीत. नीट पाहा, फोकसच्या पुढच्या कडा जांभळट आहेत आणि मागच्या हिरवट. एफ/२.८ ला ते बरंच उतरतं, उरलेलं सॉफ्टवेअरमधल्या डिफ्रिंजने (कडेचा रंग काढणाऱ्या सोयीने) जातं. भर उन्हात पांढरे कपडे एफ/१.४ वर काढताना आणखी एक अडचण येते: आयएसओ १०० ला शटर १/१२,८०० च्या आसपास लागतं आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/८००० ला थांबतं. पांढरा भाग जळला की रेघ अधिकच उठून दिसते. तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारा एनडी फिल्टर लावा.

राहिले कोपरे. भिंतीचा फोटो या लेन्ससाठी आम्ही पुरावा मानत नाही. तीन मीटरवर फ्रेमची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास असते. कॅमेरा भिंतीशी फक्त ३ अंश तिरका असला तर एक कड सव्वातीन सेंटिमीटर पुढे येते आणि दुसरी तितकीच मागे जाते. त्यात शार्पनेसची पातळी बऱ्याच लेन्समध्ये सपाट नसून वाटीसारखी किंचित वळलेली असते, त्यामुळे मध्यावर फोकस केल्यास चारही कोपरे मऊ येणं स्वाभाविक आहे. चारही सारखेच मऊ असतील तर तो डिझाइनचा भाग.

एकच कोपरा वेगळा असेल तर मात्र आतला एखादा घटक मध्यापासून सरकलेला असण्याची शक्यता आहे, आणि तो दोष आम्ही दोष म्हणूनच धरतो. हे ठरवण्यासाठी खूप लांबचा, बारीक तपशिलाचा एखादा टॉवर किंवा अँटेना निवडा. ट्रायपॉड, एफ/१.४, ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये मध्यावर फोकस करा आणि रिंगला पुन्हा हात लावू नका. आता तोच टॉवर आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून एकेक फोटो घ्या, मग कॅमेरा उलटा करून हेच पुन्हा. उलटा केल्यावरही फ्रेमचा तोच कोपरा मऊ राहिला तर दोष लेन्समध्ये किंवा माउंटमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे) आहे.

मध्याचा एक आणि कोपऱ्यांचे आठ, असे नऊ फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली), पुढे लावलेला संरक्षक फिल्टर काढून घेतलेले, आम्हाला पाठवा. खालचा डावा कोपरा दोन्ही वेळेस वेगळा निघाला तर लेन्स बदलून देऊ, त्यासाठी वेगळा वाद घालावा लागणार नाही. व्ह्यूफाइंडरच्या दहा फोटोंत मागे जाण्याची चूक ठरावीक निघाली आणि उणे २० पर्यंत जाऊनही सुटली नाही, तर लेन्ससोबत कॅमेऱ्याची बॉडीही द्या. एकटी लेन्स आमच्या कॅमेऱ्यावर तपासून तुमच्या कॅमेऱ्याबद्दल काहीच कळत नाही.