टुनटुन, हॅटी आणि आपलं हसणं

दर वर्षी 24 नोव्हेंबर जवळ आला की हिंदी सिनेमातली विनोदी अभिनेत्री टुनटुन हिच्या जुन्या सिनेमांतले तुकडे फोनवर फिरायला लागतात. 2003 साली याच तारखेला ती मुंबईत वारली, वयाच्या 80 व्या वर्षी. मला हे तुकडे डोंबिवलीच्या मावशीकडून येतात, सोबत एक ओळ असते: 'बघ गं, असं पोट धरून हसवणारं आता कोण राहिलंय?' घरच्या ग्रुपवर त्यावर हमखास वाद पेटतो. पुण्याची भाची म्हणते, 'आजी, यात हसण्यासारखं काय आहे? बाई जाड आहे, खाट मोडली, झाला विनोद.' मग एखादे काका मध्ये पडतात की तुमच्या पिढीला कशाचंही वाईट वाटतं, उद्या हसायलाही परवानगी लागेल. दोन दिवस हे चालतं, मग सगळे आपापल्या कामाला लागतात.

मी हे लंडनला बसून वाचते. इथे राहून माझं एक मत पक्कं झालंय. मावशीचं प्रेम खरं आहे, भाचीचा रागही खरा आहे, पण या भांडणात जिच्याबद्दल सगळे बोलतात ती बाई कुठेच नसते. ती किती जाड होती एवढंच दोन्ही बाजूंच्या ध्यानात राहिलंय. ती काय काम करायची, कशी करायची, हे कुणी काढतच नाही.

तिचं नाव उमादेवी. जन्म 11 जुलै 1923, उत्तर प्रदेशातला. आईवडील इतक्या लहानपणी गेले की त्यांचे चेहरेही तिला आठवत नव्हते. नातेवाइकांच्या घरी धुणीभांडी करत वाढलेली ही मुलगी गाण्याच्या वेडापायी पळून मुंबईला आली. संगीतकार नौशादांच्या दारात उभी राहून 'मला गाऊ द्या, नाहीतर समुद्रात उडी घेईन' असं तिने ठणकावलं, अशी गोष्ट सांगतात. त्यात मीठमसाला किती हे सोडा, पण नौशादांनी तिला ऐकलं आणि संधी दिली हे पक्कं. 1947 मध्ये दिग्दर्शक कारदारांचा 'दर्द' हा सिनेमा आला. त्यात शकील बदायुनींनी लिहिलेलं 'अफसाना लिख रही हूँ' हे गाणं पडद्यावर मुनव्वर सुलताना गाते आणि आवाज उमादेवीचा आहे. त्याच सिनेमात सुरैयाबरोबर तिचं एक युगुलगीतही आहे.

हे गाणं मावशीला तोंडपाठ आहे. स्वयंपाक करताना ती ते गुणगुणायची. पण हा आवाज टुनटुनचा, हे मी सांगेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं तर म्हणाली, 'काहीतरीच काय!' तुम्हीही एकदा डोळे मिटून ऐका. कुणा उस्तादाकडे न शिकलेला गळा आहे. मुरक्या नाहीत, कसरत नाही. आवाज भरीव, थोडा नाकातला, आणि शब्द असे मोकळे टाकलेले की समोर बसून कुणी आपलं गाऱ्हाणं सांगतंय असं वाटावं. त्या काळच्या गाण्याला हा गळा शोभत होता. पुढे दोनच वर्षांत लता मंगेशकरांचा आवाज सगळीकडे घुमू लागला, चाली अवघड झाल्या, आणि तालीम नसलेल्या उमादेवीचं काम कमी होत गेलं. नौशादांनीच मग तिला सुचवलं की तू अभिनय कर, तुझ्या बोलण्यात हसवण्याची ताकद आहे. ती म्हणाली, करीन, पण दिलीपकुमार असतील तरच. 1950 च्या 'बाबुल'मध्ये तिला ते मिळालं, आणि टुनटुन हे नावही दिलीपकुमारांनीच ठेवलं असं सांगतात.

पुढची चाळीस वर्षं ती त्या नावाने जगली. 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस 55', 'प्यासा' अशा गुरुदत्तच्या सिनेमांपासून ते 1990 च्या 'कसम धंधे की'पर्यंत दोनशेच्या आसपास सिनेमे. एक-दोन प्रसंग, कधी एखादाच. सुरुवातीच्या भूमिकांत माणूस तरी दिसतो. नंतर लेखकांनी विचार करणंच सोडून दिलं. टुनटुन आली की कॅमेरा तिच्या कमरेवर जायचा, समोर एक काटकुळा नट असायचा, आणि ती त्याच्यावर भाळलीय यातच विनोद. जाड बाईला प्रेम करावंसं वाटतं, एवढ्यावर थिएटर हसायचं. माझा राग इथे आहे, तिच्यावर मुळीच नाही. मिळालेल्या दीड मिनिटात ती जे करायची ते अचूक असायचं. वाक्याच्या आधी घेतलेला श्वास, आवाजाची एकदम चढलेली पट्टी, गायिकेचा कान असल्याशिवाय हे जमत नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये अगदी अशीच एक बाई काम करत होती. हॅटी जॅक्स, जन्म 1922, म्हणजे टुनटुनहून दीड वर्षाने मोठी. युद्धाच्या काळात तिने कारखान्यात वेल्डिंगचं काम केलं होतं. मग बीबीसी रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात ती खादाड शाळकरी मुलगी झाली, म्हणजे तिचीही सुरुवात लठ्ठपणावरच्या विनोदानेच झाली. 'कॅरी ऑन' नावाची स्वस्तात बनवलेल्या धमाल सिनेमांची जी मालिका होती, त्यातल्या 14 सिनेमांत ती आहे. त्यातली तिची ठरलेली भूमिका म्हणजे हॉस्पिटलची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सची प्रमुख.

'कॅरी ऑन नर्स' (1959) चा शेवट इथल्या जुन्या लोकांना पाठ आहे. एका खाष्ट कर्नलने वॉर्डातल्या नर्सना बेजार केलेलं असतं. शेवटी त्या त्याला ताप मोजायचा म्हणून पालथा झोपवतात आणि थर्मामीटरच्या जागी डॅफोडिलचं फूल खोचून पसार होतात. मेट्रन आत येते, बघतच राहते. कर्नल विचारतो, असा ताप मोजताना कधी पाहिलं नाही का? ती म्हणते, पुष्कळदा पाहिलंय, पण डॅफोडिलने कधीच नाही. वाक्य कुणीही म्हणेल. पण हॅटीचा चेहरा आधी कडक मेट्रनचा, मग गोंधळलेला, आणि उत्तर देताना पुन्हा मेट्रनचा होतो. सगळं हसू त्या चेहऱ्यात आहे. तिच्या देहाने इथे तिला दरारा दिलाय. ती वॉर्डात शिरली की डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहतात.

आता कुणी म्हणेल, बघा, गोऱ्यांना कळलं आणि आपल्याला नाही. तसं अजिबात नाही. याच मालिकेत हॅटीही एका घाबरट बारक्या पुरुषाच्या मागे धावते आणि तो जीव मुठीत घेऊन पळतो. विनोद तोच, फक्त साडीच्या जागी गणवेश. फरक पडला तो तिला कधी कधी वेगळी भूमिका लिहून देणारे भेटले म्हणून. 'कॅरी ऑन कॅबी'त (1963) ती टॅक्सीवाल्याची दुर्लक्षित बायको आहे. नवऱ्याला घरासाठी वेळ नाही म्हणून ती गुपचूप स्वतःची टॅक्सी कंपनी काढते, सगळ्या चालक बायका ठेवते आणि नवऱ्याचा धंदा बुडायला आणते. त्यात ती चक्क नायिका आहे. आणि विनोदी लेखक-नट एरिक साइक्सच्या टीव्ही मालिकेत ती त्याची जुळी बहीण होती. हा उंच सडपातळ, ती अशी, तरी जुळे. पण तिच्या वजनावरचे विनोद लिहायचं साइक्सने टाळलं. एका लेखकाने मनावर घेतलं तर एवढं होऊ शकतं. टुनटुनला असा लेखक भेटला असता तर आपल्याकडे काय काय राहिलं असतं, या विचाराने मला खरंच हळहळ वाटते.

हॅटी 1980 साली 58 व्या वर्षी हृदयविकाराने गेली. लंडनमध्ये अर्ल्स कोर्टजवळच्या अर्डली क्रेसेंटमधल्या तिच्या घरावर निळा फलक आहे. 1995 मध्ये एरिक साइक्सच्या हस्ते तो लागला. विनोदी कलाकारांच्या घरांवर असे फलक लावणारी एक वेगळी संस्थाच तेव्हा इथे काम करत होती. मी तो बघायला मुद्दाम गेले होते. साधी अर्धगोल वळणाची गल्ली, ओळीने एकसारखी उंच घरं, दारात सायकली. नाव आणि 'विनोदी अभिनेत्री' ही ओळख, बस्स. पण चाहत्यांच्या प्रेमाची दुसरी बाजूही इथे दिसते. 2011 मध्ये बीबीसीने तिच्यावर चित्रपट केला तो तिच्या प्रेमप्रकरणावर, संसार कसा मोडला यावर. तीस वर्षांचं काम बाजूला, आणि कुतूहल तिच्या झोपण्याच्या खोलीचं. आपण टुनटुनचं वजन लक्षात ठेवलं, यांनी हॅटीचं लफडं.

मुंबईला विमानतळाबाहेर पडलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ऐकू येतं, 'तब्येत सुधारली हं तुझी!' ऑफिसातली इंग्रज मैत्रीण असं कधीच म्हणणार नाही. नव्याने इथे आलेल्यांना याचं फार अप्रूप वाटतं. मलाही वाटायचं. पण तोंडावर न बोलणं म्हणजे मनात आदर असणं नव्हे. बसमध्ये जाड मुलीकडे बघून खिदळणारी शाळकरी पोरं इथेही आहेत, आणि दुकानात तिच्या मापाचे कपडे कोपऱ्यातल्या एका रॅकवर असतात. वजनाबद्दल सरळ बोलतो तो डॉक्टर. तो सांगतो की आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याची, धोक्याची रेघ 25 वर नाही, 23 वरच सुरू होते. ते बोलणं मला चालतं, कारण त्यात माझ्या आरोग्याची काळजी आहे. टिंगल करून आजवर कुणी बारीक झालेलं नाही.

शाळेत आमच्या वर्गातल्या एका मुलीला सगळे 'टुनटुन' म्हणायचे. सरसुद्धा. ती सुरेख गायची. स्नेहसंमेलनात तिचं नाव पुकारलं की मागच्या बाकांवरून ही हाक यायची आणि अख्खा हॉल हसायचा. दोन वर्षांनी तिने स्टेजवर जाणं बंद केलं. महाराष्ट्रात अशी एक तरी मुलगी नसलेली शाळा दाखवा. 'आम्ही प्रेमानं हसायचो' असं मावशी म्हणते तेव्हा मला ती मुलगी आठवते. पडद्यावरच्या टुनटुनला निदान कामाचे पैसे मिळत होते.

हिंदी सिनेमाने हे पुढेही तसंच चालवलं. अशोककुमारांची मुलगी प्रीती गांगुली, 'खट्टा मीठा'तली अमिताभवेडी पारशी मुलगी. काय निरागस काम आहे ते! तिने पुढे वजन पुष्कळ घटवलं, तर तिला मिळणाऱ्या भूमिकाच आटल्या. म्हणजे त्या मुलीच्या गुणाला किंमत नव्हतीच, किंमत होती किलोंना. 2012 मध्ये ती गेली तेव्हा किती जणांनी तिची आठवण काढली?

म्हणून 2021 च्या जानेवारीत टीव्हीवरच्या 'हास्यजत्रा'मधल्या वनिता खरातने शरीराची लाज न बाळगता नग्न छायाचित्र काढून घेतलं, मला माझ्या कलेचा आणि माझ्या शरीराचा अभिमान आहे असं सांगितलं, तेव्हा मला इथे बसून फार बरं वाटलं. घरच्या ग्रुपवर तेव्हा नग्नतेवर, संस्कृतीवर बोलणं झालं. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की एक विनोदी अभिनेत्री स्वतःच्या तोंडाने, तरुणपणी, काम हातात असताना हे म्हणाली. टुनटुनला असं म्हणायची सोय नव्हती. तिला कुणी विचारलंच नाही.

मग ते जुने प्रसंग काढून टाकायचे का? भाचीला तसं वाटतं. मला नाही वाटत. ते कापले तर टुनटुनचं कामच नाहीसं होईल, आणि ज्यांनी ते तसं लिहिलं ते मात्र सहीसलामत सुटतील. इथे टीव्हीवर जुना सिनेमा लागण्यापूर्वी कधी कधी सूचना येते की यातली भाषा आणि दृष्टिकोन त्या काळचे आहेत. मग सिनेमा जसाच्या तसा दाखवतात. एवढं मला पुरेसं वाटतं. बघणारा शहाणा आहे असं धरून चालायचं. मावशीला हसू दे, भाचीला न हसू दे, आणि दोघींनी एकत्र बसून बघावं.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांनी एका 24 नोव्हेंबरला विनोदी अभिनेत्रींच्या कामाचे दोन-तीन दिवस करावेत ही माझी मनापासूनची मागणी आहे. सुरुवात 'दर्द'ने व्हावी, म्हणजे आधी उमादेवी ऐकायला मिळेल. मग 'बाबुल', 'मिस्टर अँड मिसेस 55', एका संध्याकाळी 'खट्टा मीठा'. मराठीतली रंजना हवीच, 'गोंधळात गोंधळ'सारखे सिनेमे मोठ्या पडद्यावर बघून आपल्याला किती वर्षं झाली! परळला, जिथे कारदार स्टुडिओ होता तिथे, उमादेवीच्या नावाचा एक फलकही लागावा, गायिका आणि अभिनेत्री असा. आणि चर्चेसाठी नेहमीचे समीक्षक नकोत. आज टीव्हीवर, रंगभूमीवर लोकांना हसवणाऱ्या बायकांना बोलवा, त्यांना कसे प्रसंग लिहून मिळतात ते विचारा, आणि आल्याबद्दल मानधन द्या.