एका स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

ऐन थीसिसच्या घाईत तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "मशीन भंगार, आकडे चुकीचे, वर रात्रभराचं बिल" हे वाचून गप्प बसवेना. भाड्याने दिलेल्या या कॉम्प्युटरवर आमचं पोट आहे आणि नवी मुलं बुकिंगआधी हेच वाचतात.

तुमच्या लॅपटॉपचं उत्तर आणि आमचं, पहिले तेरा अंक तंतोतंत सारखे होते. काउंटरवर दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून आपण पाहिलं होतं, आठवत असेल. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर दशांश आकडे साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, मुळात १५-१६ अंकच मावतात, प्रत्येक बेरजेला शेवटी राउंडिंग होतं, म्हणजे न मावणारे अंक छाटले जातात, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेपूट, म्हणजे शेवटचे अंक, हलतं. घरी पायथॉनमध्ये (०.१+०.२)+०.३ करून बघा, ०.६००००००००००००००१ येईल. ०.१+(०.२+०.३) केलंत तर सरळ ०.६. आमच्या इंटेल प्रोसेसरमधली एव्हीएक्स-५१२ ही सोय एका वेळी असे आठ आकडे (डबल) उचलते, तुमच्या लॅपटॉपची वेगळ्या घडणीची एआरएम चिप दोन. गणित करणारी तयार कोडची लायब्ररी प्रोसेसर बघून बेरजेचे गट पाडते. आयईईई ७५४ हे कॉम्प्युटरच्या आकडेमोडीचं मानक एकेका बेरीज-गुणाकाराचं राउंडिंग बांधून देतं, गट कसे पाडायचे ते नाही. यात भंगार काय आहे? मेमरी टेस्टही पूर्ण चालवली, एक एरर नाही. रिपोर्ट काउंटरवर आहे, कधीही या.

आता बिल. तुमच्या कोडमधला लूप, म्हणजे तेच गणित पुन्हा पुन्हा करणारा भाग, थांबायची अट होती: जुनी किंमत == नवी किंमत, म्हणजे आधीच्या आणि आत्ताच्या फेरीचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत सारखं हवं. लॅपटॉपवर ती नशिबाने जुळली. आमच्याकडे शेवटचा अंक दोन शेजारच्या किमतींत झुलत राहिला आणि लूप सकाळपर्यंत फिरला. आमच्या मुलाने संध्याकाळीच सांगितलं होतं, सर, तिथे टॉलरन्स टाका, म्हणजे इतका फरक चालेल अशी सूट, ०.०००००००००१ पुरे. तुम्ही म्हणालात, "कोडला हात लावायचा नाही, गाइडने तपासलंय." नाही लावला. वीज आमची जळली, एसीही आमचाच. तरी अर्धं बिल आम्ही सोडलं, ते रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

रात्रीच्या जॉबला वेळेची मर्यादा घालायचं बघतोय. इंटेल एमकेएल (इंटेलची गणिताची लायब्ररी) वापरणाऱ्यांना हवं तर तिचा कंपॅटिबल मोड लावून देऊ, म्हणजे वेगवेगळ्या इंटेल प्रोसेसरवर उत्तर सारखं येईल. वेग पडेल, आणि तो एआरएमशी जुळवून देणार नाही, हे आत्ताच सांगतो.

रिव्ह्यू बदलायचा की नाही, तुमची मर्जी. उरलेलं अर्धं बिल मात्र अजून आलेलं नाही.