निवडणुकीची जाहिरात मुरवून बघा

निवडणुकीची जाहिरात ताजी बघू नये. पोटाला बाधते. कैरीच्या लोणच्यासारखी ती मुरू द्यावी, वर्ष-दीड वर्ष फडक्यानं तोंड बांधून ठेवावी आणि मग एखाद्या पावसाळी रविवारी चिरमुऱ्याचं ताट पुढ्यात घेऊन सवडीनं बघावी.

सामान फारसं लागत नाही. सेट-टॉप बॉक्स, त्याला खोचलेला पेनड्राइव्ह आणि घरात मालिकेची नादी असलेली एक व्यक्ती. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी हे काम आई करते. संध्याकाळी भजनाला जाताना मालिका रेकॉर्डला लावायची, रात्री बघायची. ती आयत्या वेळी काही पुसत नाही, म्हणून आमच्या पेनड्राइव्हवर मे 2023 ची कर्नाटक विधानसभा आहे आणि नोव्हेंबर 2024 ची महाराष्ट्र विधानसभाही आहे, मध्ये मध्ये मालिका. तुमचं काम एवढंच: इतर वेळी जाहिरात पळवून मालिका बघता, आता मालिका पळवून जाहिरात बघायची. जिन्यावरून सुनेला कुणीतरी ढकललं, ती घरंगळत निघाली आणि ब्रेक आला, की सुनेला तिथंच सोडून द्या. हाडं काय, जुळतात.

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, मग त्यात खोट कशी असेल? तर ही आपली, बेळगाव महाराष्ट्रात न्या म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती नव्हे. बेळगावात समिती म्हटलं की माणसं उठून बसतात, म्हणून सांगितलं. आपल्या समितीचा 2018 ला एकही आमदार आला नाही आणि 2023 लाही नाही, ती बिचारी कुणाला काय प्रमाणित करणार? ही निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेतली, जाहिराती तपासणारी समिती. जाहिरातीत कुणाची निंदानालस्ती नाही ना, धर्म-जातीवरून भडकवलेलं नाही ना, ते ती बघते. दिलेला शब्द पाळला जाईल का, हे बघायचं काम तिच्याकडं नाही. ते तुमच्याकडं. म्हणून तर पेनड्राइव्ह.

कर्नाटकाच्या जाहिराती बघताना लाइटबिल मांडीवर घ्या. पडद्यावर काँग्रेसचे 200 युनिट मोफत येतील, झगझगीत. लगेच बिलाकडं बघू नका, आधी मागच्या वर्षाची सरासरी काढा. कारण योजना सुरू झाली तेव्हा नियम असा निघाला, की 200 ची कमाल खरी, पण तुमच्या वाट्याला 2022-23 ची महिन्याची सरासरी अधिक 10 टक्के. म्हणजे 60 युनिट जाळणाऱ्याला 66 माफ. आमच्या आईनं जन्मभर खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरून जी काटकसर केली, तिचं फळ तिला हे असं मिळालं. शेजारी दिवसाढवळ्या पंखा आणि टीव्ही चालू ठेवून झोपायचे. ते सुखात आहेत.

तांदळाची जाहिरात मात्र भुकेल्या पोटी बघा. दहा किलोचं आश्वासन होतं. जुलै 2023 पासून पाच किलो तांदूळ आले आणि उरलेल्या पाच किलोंचे, किलोला 34 रुपयांप्रमाणे, माणशी 170 रुपये. 170 रुपयांना किती शिट्ट्या द्यायच्या, ते जाहिरातीत नव्हतं.

एक कळकळीची सूचना. हरलेल्यांच्या जाहिराती पुसू नका! खरा ऐवज तिथंच असतो. 2023 ला भाजपनं दारिद्र्यरेषेखालच्या घरांना रोज अर्धा लिटर नंदिनी दूध आणि वर्षाला तीन सिलिंडर देऊ केले होते, एक युगादीला, एक गणेशचतुर्थीला, एक दिवाळीला. काय सुंदर आश्वासन! कुणी मोडलं नाही, त्यात नियम-अटी घुसल्या नाहीत, सरासरी काढली नाही. ते दूध आजही आमच्या पेनड्राइव्हवर आहे आणि अजून नासलेलं नाही. महाराष्ट्रातल्या महाविकास आघाडीचे बायकांना महिना 3000 तसेच, कडकडीत कोरे.

महाराष्ट्राच्या जाहिरातींचं सुख वेगळंच. आपल्याला तिथं मत नाही, त्यामुळं मन कसं निर्मळ राहतं. फक्त माहेर-सासरचा हिशेब आधी नीट लावून बसा. बेळगावची मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला गेली असेल, तर नवऱ्याच्या कागदपत्रांवर ती लाडकी बहीण होऊ शकते, महिना 1500. कोल्हापूरची मुलगी बेळगावात आली असेल तर ती बहीण नव्हे. ती झालीच तर कर्नाटकाची गृहलक्ष्मी, महिना 2000, खात्यात पडतील तेव्हा. आमच्या घरी सून कोल्हापूरची आणि लेक कोल्हापुरात. एका जाहिरातीत दोघी सापडत नाहीत. त्या 1500 चे 2100 होणार हे ऐकून बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबे जरा जोरातच ठेवायला लागली.

या सगळ्यात सीमाप्रश्न शोधत बसू नका. तीस सेकंदांत तो मावत नाही. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावाच अजून चाललाय.

वेगाबद्दल थोडं. सोळाच्या वेगानं पळवलं, तर हात जोडत येणारा नेता डास मारत आल्यासारखा दिसतो. पण खरी गंमत उलट्या दिशेनं आहे. नेता झोपडीतून पाठमोरा बाहेर पडतो, म्हातारीच्या डोक्यावरचा हात काढून घेतो, कडेवरचं पोर आईकडं परत देतो, गाडीत शिरतो आणि धुरळा खाली बसतो. माझ्या मते चित्रीकरण याच क्रमानं झालं असावं, नंतर कुणीतरी फीत उलटी लावली.

कन्नडमध्ये फसवलं म्हणायचं तर कानावर फूल ठेवलं म्हणतात. फेब्रुवारी 2023 मध्ये अर्थसंकल्पाच्या दिवशी विरोधी बाकांवरचे काँग्रेस आमदार खरोखरच कानावर फुलं ठेवून सभागृहात आले होते. मराठीत शेंडी लावतात. आम्ही दोन्ही भाषांतले, त्यामुळं आमच्या डोक्यावर कुठलीच जागा मोकळी नाही.

सावधगिरी एकच. बहुतेक बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बिघडला की दोन राज्यांची आश्वासनं एका दमात गेली, आणि पुरावा म्हणून पेनड्राइव्ह घेऊन कुठं गेलात, तर आत काही नाहीच म्हणतील. तेही खोटं बोलणार नाहीत.

परवा मी ही सगळी साधना करत होतो. आई शेजारी वाती वळत बसलेली. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर हात पडला तिथं मी चित्र थांबवलं आणि बिल शोधायला उठलो.

"झालं काय रे तुझं बघून?" आई म्हणाली. "झालं असलं तर लाव की पुढं. त्या पोरीला कुणी ढकललं, तेवढं बघूया."