‘घरात बसून लिहिणाऱ्या’चं उत्तर

अनामिक डॉक्टरसाहेब,

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आणि अपघात या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. या गोळ्या प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या रक्तकणांना, निकामी करतात; म्हणून अपघातात बाहेरून प्लेटलेट चढवाव्यात का, हा वादाचा मुद्दा. सुरुवातच अशी : ‘घरात बसून लिहिणाऱ्यांनी एक रात्र कॅज्युअल्टीत काढावी, मग प्लेटलेट नकोत म्हणावं.’ पुढे टिकाग्रेलॉर (त्यातलंच एक औषध) राहिलं, पॅच चाचणी (अशा गोळ्या चालू असलेल्यांना प्लेटलेट देऊन पाहणारी) अपघाताच्या रुग्णांवर नव्हती, वगैरे. टिकाग्रेलॉरचं मान्य. ते रक्तात फिरत असेपर्यंत बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही निकामी करतं, हे यायला हवं होतं. झालं समाधान?

आता त्या वाक्याकडे. माझी उमेदीची वर्षं हायवेलगतच्या कॅज्युअल्टीतच गेली. ट्रकखाली मांडी चिरडलेला माणूस, खिशात ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या अशाच गोळ्यांची स्ट्रिप, आणि नातेवाइकांचा धोशा, ‘प्लेटलेट चढवा!’ आणायच्या कुठून? ती पिशवी २० ते २४ अंशांत सतत हलती ठेवावी लागते आणि साधारण पाच दिवसांत बाद होते. तालुक्याला कोण ठेवणार? आम्ही जखमेत गॉज ठासायचो, तळव्याने दाबून धरायचो, वर टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) आवळून त्यावर मार्करने वेळ लिहायचो. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, मग आणखी एक ग्रॅम आठ तासांत. तेही मार लागल्यापासून तीन तासांच्या आतच. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाचे मृत्यू वाढतात, हे क्रॅश-२ या अपघातग्रस्तांवरच्या चाचणीतल्या वीस हजारांवर रुग्णांतून दिसलं. अंगावर ब्लँकेट, कारण गारठलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही.

हे सगळं बाजूला ठेवून आधी प्लेटलेटची चिठ्ठी फाडणारे मी पाहिलेत. तुम्ही त्यातले, असं म्हणत नाही. सूर मात्र तोच.

आणि मी ‘प्लेटलेट नकोत’ लिहिलंच नव्हतं! ‘गोळी चालू आहे एवढ्यावरून नकोत’ असं लिहिलं होतं. डोक्याचं ऑपरेशन करायचंय, तर गोष्ट वेगळी. धो धो रक्त जातंय, तर रक्त आणि प्लाझ्माच्या जोडीने त्या द्याव्याच लागतात, गोळी असो वा नसो. लेख वाचून मग चिडायचं असतं.

पॅचचं म्हणाल तर हो, २०१६ च्या त्या चाचणीतले १९० रुग्ण मेंदूत आपोआप रक्तस्राव झालेले होते. पण प्लेटलेट दिलेल्यांचीच अवस्था वाईट झाली ना? तेवढं मला पुरे आहे. डेस्मोप्रेसिन या प्लेटलेटना चेतवणाऱ्या औषधावरच्या तुमच्या परिच्छेदात शिरत नाही.

पुढच्या खेपेला नाव घालून लिहा. मी माझं घालतो.